सरईचं वाळवण

आमच्या घरात कपडे भिजवण्याआधी खिसे तपासायचे, हा नियम मी लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात घातला. नवऱ्याच्या खिशात रुमाल सापडो न सापडो, बिया हमखास सापडत. करंज, बेहडा, चारोळी, कधी नुसतंच काहीतरी काळं आणि खरखरीत, ज्याचं नाव विचारलं की ते पंधरा मिनिटं बोलत. एकदा खिशात बिब्बा राहिला आणि माझ्या नव्या साडीवर जो डाग पडला तो साडी फाटेपर्यंत गेला नाही. तेव्हापासून मी त्यांचा शर्ट उलटा धरून झटकायची आणि पडेल ते खिडकीतल्या एका वाटीत टाकायची. ती वाटी कधी रिकामी राहिली नाही.

ते वनखात्यात वनपाल होते. त्यांचं घराणं मराठ्यांच्या राज्यात इकडे आलेलं आणि रायपूरचंच होऊन गेलेलं, मी भंडाऱ्याची. मी इथल्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. माझा स्वभाव कसा आहे ते शाळेतल्या कोणालाही विचारावं. चुकलेल्याला मी सोडत नसे, आणि माझं चुकतं असं मला फारसं वाटतही नसे. घरात माझी चूक दाखवायची हिंमत कोणी करत नव्हतं. मुलगी गप्प बसायची आणि नवरा नुसतं 'हव' म्हणायचा. इकडे होकाराला हव म्हणतात, त्यांच्या तोंडी तो शब्द दिवसातून पन्नास वेळा असे.

गरियाबंदच्या बाजूला सरईच्या जंगलाचा एक तुकडा होता. पुस्तकात ज्याला साल म्हणतात त्यालाच इथले लोक सरई म्हणतात. नोकरीच्या सुरुवातीची नऊ वर्षं त्यांनी तो तुकडा सांभाळला होता. बदली झाली तरी मन तिथेच अडकलेलं. सुट्टी आली की तिकडे, मुलीच्या वाढदिवशीही आधी तिकडे. मी त्या जंगलाला माझी सवत म्हणायची. "आज सवतीकडे मुक्काम का?" असं विचारलं की ते हसायचे आणि पिशवी खांद्याला अडकवायचे. थट्टा होती, पण अगदीच थट्टा नव्हती. शंकर नगरच्या आमच्या घरात मी किती तरी रविवार एकटीने काढले आहेत.

ते निवृत्त झाल्यावर चार वर्षांनी, मोहाच्या दिवसांत, तो तुकडा जळला. मोहाची फुलं पहाटे गळतात. पाल्यात ती दिसत नाहीत म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवून जमीन साफ करतात आणि मग फुलं वेचतात. दर वर्षी करतात. त्या वर्षी वारा होता. तीन दिवस आग धुमसली. आम्ही गेलो तेव्हा जमीन काळी होती आणि पाय ठेवला की घोट्यापर्यंत राख येत होती. जुनी झाडं उभीच्या उभी वाळलेली, खालची पोरवयातली सगळी रोपं नाहीशी झालेली. नाल्याच्या काठाला ओल होती, तेवढ्या तीन म्हाताऱ्या सरई वाचल्या होत्या. ते एका जळक्या बुंध्याला हात लावून उभे राहिले. मला वाटलं आता कोणाला तरी शिव्या देतील. "फुलं नाही वेचली तर त्या लोकांनी खावं काय?" एवढंच म्हणाले आणि हाताची काजळी पँटला पुसली.

त्याच हिवाळ्यात त्यांचं हृदय दमल्याचं कळलं. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबायचे आणि कुंडीतलं काहीतरी पाहतोय असं दाखवायचे. डॉक्टर आमच्या मुलीच्याच वयाचे होते. त्यांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की या उन्हाळ्याचं मी सांगू शकतो, पुढच्याचं नाही. मी ते नवऱ्याला सांगितलं नाही. पण त्यांना कळलं असावं, कारण त्या फाल्गुनात एक दिवस चहा पिता पिता ते म्हणाले, "सरई यंदा लय फुलली हाय म्हणतात. असं बी तीन-चार वर्षांतून एखांद्या वेळी धरते. मले यंदाच लावाव लागते."

एवढंच त्यांना हवं होतं. त्या काळ्या जमिनीतून सरईची दोन पानं वर आलेली पाहायची. मोठं झाड पाहायची हाव नव्हती, सरईला वाढायला माणसाचं एक आयुष्य पुरत नाही हे त्यांना पाठ होतं. दोन पानं फक्त. मी म्हटलं, लावू. मुलगी म्हणाली, "पापा, इस हालत में?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीतच येतं. तिला मी गप्प केलं.

त्या जंगलालगतच्या गावात एक बाई होती, त्यांच्या हाताखाली कधीकाळी रोपवाटिकेत काम केलेली. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, वाळून लाकूड झालेली, पण कुदळ अशी चालवायची की पुरुषांनी बघत राहावं. तिच्यामार्फत त्यांनी गावातल्या बायकांना निरोप दिला की नाल्याकाठच्या तीन झाडांखालचं बी यंदा कोणी झाडून नेऊ नका. एरवी सरईचं बी तेलासाठी गोळा होतं. ढीग करून त्याचे पंख जाळतात, मग कुटतात. बायकांनी तेवढं ऐकलं आणि ती तीन झाडं सोडली. साहेबानं कधी कोणाची मोळी हिसकावून घेतली नव्हती, असं ती म्हातारी मला म्हणाली.

मे संपता संपता आम्ही भाड्याच्या गाडीने गेलो. मी घरातल्या जुन्या चादरी घेतल्या होत्या, त्या तिन्ही झाडांखाली पसरल्या. सरईचं बी पाच पंख लावून गिरक्या घेत खाली येतं. ते बघायला मला आवडलं, हे मी तेव्हा कबूल केलं नाही. ऊन मी म्हणत होतं. नवरा मांडी घालून बसला होता, म्हातारी आणि आणखी दोन बायका समोर, आणि ते एकेक बी उचलून दाखवत होते. भोक पडलेलं टाका. हलकं वाटतं ते टाका. मग खिशातून दाढीचं पातं काढून एक बी मधून कापलं. आत हिरवं, ओलसर. "हे जितं बी," ते म्हणाले. "आतून तपकिरी दिसलं, सुकलं दिसलं, का ते मेलं. बाजारातलं सगळं मेलेलंच असते. आपल्याले जितं पाहिजे." आणखीही बरंच सांगत होते. बाया ऐकत होत्या. मी थोड्या अंतरावर सावलीत बसून शेंगदाणे सोलत होते आणि मनात म्हणत होते की या माणसाला व्याख्यान द्यायला जागा लागत नाही. मी ऐकलं नाही. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं, शेंगदाणे थोडे खवट होते हेसुद्धा, पण ते पुढे काय बोलले ते मी ऐकलंच नाही.

जमीन दगडासारखी होती. खड्डे खणायला दोन-तीन दिवस लागणार होते. तेव्हा ठरलं असं की म्हातारीने खड्डे करून ठेवायचे, आम्ही बी घरी न्यायचं, पाण्यात टाकून तरंगणारं वेगळं काढायचं आणि तिसऱ्या दिवशी परत येऊन पेरायचं. गोणपाट भिजवून त्यात बी बांधलं. ते त्यांनी मांडीवर घेतलं आणि रायपूर येईपर्यंत खाली ठेवलं नाही. त्यांची पँट ओली झाली. घरी आल्यावर त्यांनी गोणपाट मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीच्या सावलीत ठेवलं आणि वर आणखी एक तांब्या पाणी शिंपडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना ते खाली बसले आणि उठले नाहीत. तोंडाला फेस तसाच. दवाखान्यात नेलं, आत घेतलं, नळ्या लावल्या. संध्याकाळी पाच मिनिटं भेटू दिलं तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावलं. मला वाटलं, आता माझ्याबद्दल, मुलीबद्दल काही बोलतील. "बियांकडे लक्ष ठेवजो," एवढंच म्हणाले. पुढे बोलायला दम नव्हता आणि नर्सने मला बाहेर काढलं. मला रागही आला. इथेसुद्धा सवतच.

तिसऱ्या दिवशी आंघोळीपुरती घरी आले. अंगणात आंबूस वास येत होता. गोणपाट सोडलं तर आतलं बी गरम झालेलं आणि किती तरी बियांना मोड फुटलेले. पांढरट हिरवी शेपटी, नखाएवढी. मोड आलेलं धान्य नासलं, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरीला कळतं. डाळ असो, गहू असो, पुढच्या वर्षीचं बी असो, ते कडकडीत वाळलेलंच पाहिजे. ओल राहिली की सगळं गेलं. मी आईच्या हाताखाली शिकले होते, आई तिच्या आईच्या. माझ्या कुरोड्या आणि मुंगवड्या दोन-दोन वर्षं टिकतात, शेजारणी विचारायला येतात. मला वाटलं, देवाने मला वेळेवर घरी धाडलं.

मी ते सगळं बी गच्चीवर नेलं. मुलगी म्हणाली, "मम्मी, एक बार पापा को पूछ लो ना." मी म्हटलं, नळ्या लावलेल्या माणसाला काय विचारायचं, आणि बी कसं राखायचं ते आता मला तुझ्या वडिलांनी शिकवायचं का? मी धुतलेली चादर अंथरली. बी दोन्ही तळव्यांत धरून चोळलं आणि मोड काढून टाकले. हळूच काढले, बी दुखावू नये म्हणून. उरला म्हणून कारखान्यांची वसाहत आहे, तिकडून वारा आला की आमच्या गच्चीवर काळी पूड पडते, म्हणून वरून जुनी व्हॉइलची साडी झाकली. पुढचे दिवस मी सकाळी दवाखान्यात जाण्याआधी बी पसरायची आणि संध्याकाळी आल्यावर गोळा करायची. रायपूरचं ऊन, चार दिवसांत खडखडीत वाळलं. पंख हातात घेतले तर चुरा होत होता. मग चाळलेली राख लावली, मध्ये कडुलिंबाचा पाला घातला आणि गव्हाच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात भरून झाकण गच्च बसवलं. दवाखान्यात जाऊन त्यांना सांगितलं, "बियांची काळजी करू नका. मी असं ठेवलंय की वर्षभर काही होणार नाही." त्यांनी डोळे मिटून मान हलवली. नळी होती म्हणून हव म्हणता आलं नसेल.

दहाव्या दिवशी घरी आणलं. बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले, "बी कुठी हाय?" मी डबा त्यांच्यासमोर पाटावर ठेवला आणि स्वतः झाकण उघडलं. मला कौतुक हवं होतं, खोटं कशाला बोलू. दहा दिवस मी दवाखाना, घर, गच्ची अशी धावत होते, आणि त्यांच्या त्या सवतीचं बी मी स्वतःच्या हाताने राखलं होतं.

ते डब्यात पाहत राहिले. हात घातला, मूठभर बी वर घेतलं, बोटांमधून परत सोडलं. ते खडखड वाजलं. मग पातं मागितलं. मी आणून दिलं. त्यांनी एक बी कापलं, दोन्ही फाकी जवळ धरून पाहिल्या आणि शर्टाच्या खिशात टाकल्या. मी विचारलं, "कसं आहे?"

"लय नीट ठेवलं तू," ते म्हणाले. "मले नसतं जमलं असं."

मला इतकं बरं वाटलं की मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले.

दोन दिवसांनी शर्ट धुवायला घेतला तेव्हा त्या दोन फाकी खिशातून पडल्या. आतून तपकिरी होत्या. सवयीने मी त्या खिडकीतल्या वाटीत टाकल्या आणि शर्ट भिजवला.

डॉक्टरांनी एकाच फेरीची परवानगी दिली, तीही माझ्या डोक्यावर जबाबदारी टाकून. आम्ही डबा घेऊन गेलो. म्हातारीने खड्डे करून ठेवले होते, ओळीने, आणि पाऊसही एकदा होऊन गेला होता. मी डबा उघडला. तिने हात घातला, राख लागलेलं बी तळहातावर घेतलं आणि माझ्याकडे न पाहता साहेबाकडे पाहिलं. ते तिच्याकडे पाहत होते. मग ती म्हणाली, "साहब, रुख म अभी अउ हे. बिनबो का?" झाडावर अजून आहे, वेचू का, असं ती विचारत होती. एवढी छत्तीसगढी मला कळते. मला तिचा रागच आला. एवढं डबाभर बी राखून आणलंय आणि हिला आणखी कशाला वेचायचंय.

"रहन दे," ते म्हणाले. राहू दे.

मग त्यांनी पेरलं. मी कडेला बसले असते, पण त्यांनी मला हाक मारली. "ये, तू बी लाव. तुह्या हातचं हाय." आम्ही दोघांनी मिळून लावलं. ते प्रत्येक बी नीट धरून, पंखाची बाजू वर ठेवून, बोटभर मातीत घालत होते. वरून चिमूट चिमूट माती सोडत होते. जिथे बी घातलं तिथे नाल्यातला एक पांढरा गोटा ठेवत होते, नंतर ओळखायला. मध्येच दम लागला की थांबायचे. मी म्हणायची, बस आता, बाकीचं ती लावेल. तर म्हणायचे, थांब, ही ओळ होऊ दे. पन्नासेक गोटे ठेवून झाल्यावर ते थकले. डब्यात निम्मं बी उरलं होतं. मी म्हटलं, हे पुढच्या वर्षी. ते म्हणाले, हव.

परत येताना गाडीत त्यांनी माझा हात धरला होता. चारचौघांत, म्हणजे ड्रायव्हरसमोर, त्यांनी उभ्या आयुष्यात कधी माझा हात धरला नव्हता. मला वाटलं, काम झाल्याचं समाधान आहे.

मग वाट पाहणं सुरू झालं. मी दर चार दिवसांनी म्हातारीच्या नातसुनेच्या फोनवर फोन लावायची. "नइ आय हे, दाई," म्हातारी म्हणायची. अजून आलं नाही, आई, असं; इकडे आईला दाई म्हणतात. मी नवऱ्याला सांगायची की जमीन जळलेली आहे, वेळ लागणारच. ते म्हणायचे, हव. मी म्हणायची, यंदा पाऊस कमी आहे. हव. कधी मी चिडायची, त्या म्हातारीने गुरं शिरू दिली असतील म्हणायची. तेव्हा मात्र ते लगेच म्हणायचे, "तिचा काही दोष नाही वं. तिले काही बोलू नको." श्रावण गेला, भादवा गेला. खिडकीपाशी त्यांची खाट लावली होती. ते बाहेर बघायचे. मी विचारलं की काय पाहून राहिले, तर म्हणायचे, काही नाही. दोन पानं त्यांनी पाहिली नाहीत. दसऱ्याच्या आठ दिवस आधी, सकाळी, मी चहा गाळत असताना ते गेले.

पुढच्या वर्षी सरई फारशी फुलली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. यंदा फुलली. म्हातारीने स्वतः फोन करवला. या वेळी मी एकटीच गेले. मुलगी म्हणाली होती, "मम्मी, छोड़ो ना अब." पण मला ते गोटे पाहायचे होते आणि माझ्याकडे निम्मा डबा होता. दर उन्हाळ्यात मी तो उघडून, बी पुन्हा एक ऊन देऊन, राख बदलून ठेवत होते. त्यांची शेवटची ठेव म्हणून.

गोटे जागच्या जागी होते. मध्ये घाणेरी माजली होती, तिने काही झाकले होते, पण ओळ कळत होती. मी एका गोट्यापाशी बसले, डबा उघडला आणि खुरपं हातात घेतलं. म्हातारीने माझं मनगट धरलं.

"ए तो मर गे हे, दाई," ती म्हणाली. हे तर मेलेलं आहे.

मी म्हटलं, जुनं झालं असेल, पण मी जपलंय. तिने डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली की पहिलंही मेलेलंच होतं. "सरई बीजा ला घाम नइ देखाय." सरईच्या बीला ऊन दाखवत नाहीत. ते झाडावरून पडतं तेच उगवायला निघालेलं असतं, फार तर आठ दिवस जगतं, तेही ओलीत. मोड आला म्हणजे ते नासलेलं नसतं. मोड आला म्हणजे ते जिवंत असतं. साहेबाने त्या दिवशी झाडाखाली हेच सगळं सांगितलं होतं, ती म्हणाली. तुम्ही तिथेच तर होता.

मी विचारलं, "मग तेव्हा मला काहून नाही सांगितलं?"

"साहब मना करे रिहिस." डोळ्यांनीच मना केलं होतं, आणि नंतर मी गाडीत सामान ठेवत असताना तोंडानेही. तिने लुगड्याचा पदर डोळ्यांना लावला. मी रडले नाही. मला वाटीतल्या त्या दोन तपकिरी फाकी दिसत होत्या. घरी, पाटावर, पातं हातात घेतलं त्या क्षणी त्यांना कळलं होतं. तीस वर्षं ज्या माणसाने बियांशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला डब्याचं झाकण उघडताच कळलं असेल. आणि कळूनही तो माणूस धापा टाकत माझ्या शेजारी बसून पन्नास मेलेल्या बिया लावत होता. पंखाची बाजू वर ठेवून. मोड मी या हातांनी चोळून काढले होते. हळूच, बी दुखावू नये म्हणून.

म्हातारीने मला फार वेळ बसू दिलं नाही. झाडाखाली चादरी तिने आधीच घातल्या होत्या. आम्ही बी वेचलं, भोकाचं टाकलं, हलकं टाकलं. मी स्वतः पातं घेऊन एक कापलं. हिरवं होतं. सूर्य मावळायच्या आत, त्याच गोट्यांपाशी, सगळं लावलं. एकही बी घरी आणलं नाही. डबा मात्र परत आणला. त्याचं काय करायचं ते मला अजून सुचलेलं नाही. यंदा गच्चीवर मी काहीच वाळत घातलं नाही.

ते उगवलं. श्रावणात जाऊन मी पाहून आले. गोट्याच्या बाजूला दोन पानं, तांबूस, अजून नीट उघडायची होती. एक नाही, पुष्कळ. मुलीला फोटो पाठवला, तिने हात जोडल्याची चित्रं पाठवली. मला आनंद झाला असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्या पानांसमोर बसून मी त्यांच्याशी भांडत होते, मोठ्याने, जंगलात दुसरं कोणी नव्हतं म्हणून.

आयुष्यभर मी या जंगलाला सवत म्हटलं, तुम्हाला टोमणे मारले. आणि वेळ आली तेव्हा तुम्ही तिला सोडलं आणि मला राखलं. कोणी सांगितलं होतं? चुकले होते तर चुकले म्हणायचं. मी आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते, तुमच्यावरच उलटले असते. मग रडून झालं असतं आणि मी पदर खोचून उठले असते. तुम्हाला गाडीत बसवून ठेवलं असतं आणि त्या तीन झाडांखाली मी एकटीने वाकून वेचलं असतं. माझी कंबर तेव्हा धड होती. दसऱ्याच्या आत तुम्ही दोन पानं पाहिली असती.

म्हातारीने विचारलं होतं तुम्हाला, माझ्यासमोर. तेव्हा झाडावर अजून बी होतं.